गावचा पहिला सी.ए.

फ्लेक्स छापायला जाण्याआधी त्याचं डिझाइन मला मोबाइलवर पाठवलं होतं. एवढी साधी गोष्ट मी कित्येक दिवस कुणाला सांगितली नाही. लोकांना वाटायचं, पोरांनी हौसेनं काहीतरी छापलं आणि मी भिडेपोटी गप्प बसलो. मीही तसंच वाटू दिलं. खरं असं आहे की तरुण मंडळाच्या एका पोरानं पाटणला छपाईवाल्याच्या दुकानात बसून मला ते डिझाइन पाठवलं आणि खाली लिहिलं, 'बघून घे, चूक नको.' मी बघितलं. बोटांनी मोठं करून बघितलं, कारण गालावरचा फोड त्यांनी पुसलाय का याची मला काळजी होती. फोड पुसला होता. अंगात एक निळा कोट चढवला होता, तो माझा नव्हता. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'गावचे पहिले सी.ए. झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' ती ओळ मी दोनदा वाचली आणि उत्तरादाखल अंगठा पाठवला.

तेव्हा मी नुकता बारावी झालो होतो. पास झालो होतो ती सी.ए.ची पहिली पायरी, फाउंडेशन नावाची परीक्षा. चार पेपर. त्यानंतर त्या वेळी इंटरचे आठ पेपर असायचे, चार-चारचे दोन ग्रुप, मग तीन वर्षं एखाद्या सी.ए.च्या ऑफिसात उमेदवारी, मग फायनलचे तसेच आठ, आणि एवढं सगळं सुटलं की माणूस सी.ए. व्हायचा. मी नुकता वेशीपाशी पोचलो होतो आणि गावानं मला थेट गाभाऱ्यात नेऊन बसवलं.

आमचं गाव पाटणहून कोयनानगरकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. खाली नदीकाठाला ऊस, वर डोंगर, आणि दोन घरांआड एक फौजी. इथं कोयनेच्या भूकंपाचा धक्का बसला तर माणूस हातातला घासही खाली ठेवत नाही, पण कुणाच्या पोराचं नाव झालं की सगळं गाव हातातलं काम टाकून येतं. पोरगा भरती झाला की फ्लेक्स, पोरगी पोलिसात लागली की फ्लेक्स, शर्यतीत बैल पहिला आला तर बैलाचासुद्धा फ्लेक्स. आणि त्यामागोमाग सत्कार. मंडप, फेटा, शाल, नारळ आणि माईक. यात कुणाचं वाईट चिंतलेलं नसतं. म्हणून तर ते अडवायला जास्त धीर लागतो, आणि तो माझ्यात नव्हता.

आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. गावात सगळे त्यांना सुभेदार म्हणायचे आणि आबा प्रत्येक वेळी दुरुस्त करायचे. लग्नपत्रिकेवर कुणी 'सुभेदार' छापलं तर आबा पेन घेऊन आपल्या हातातल्या पत्रिकेवर आधी 'नायब' लिहायचे आणि मगच ती खिशात घालायचे. एकदा कुणीतरी त्यांना म्हणालं, "आवं, नायब न्हाई म्हणलं तर काय पेन्शन कमी हुतीया का?"

"पेन्शन न्हाई कमी हुत," आबा म्हणाले. "पर मी सुभेदार न्हवतो."

अशा माणसाच्या पोटी मी जन्मलो. फ्लेक्स लागला त्या सकाळी आबा रस्त्यावर जाऊन तो वाचून आले आणि मला म्हणाले, "म्हंजे आता समदं झालं न्हवं?" त्यांना शंका आली नव्हती, नुसती खात्री करायची होती. मी म्हणालो, "झालं आबा. आता फक्त प्रॅक्टिकल ऱ्हायलंय." अंगठा तर मी गुपचूप पाठवला होता, पण हे तोंडानं बोललो. आबांनी पुढच्याच आठवड्यात पाटणहून पितळी पाटी करून आणली आणि फाटकाच्या खांबावर, त्यांच्या 'नायब सुभेदार (निवृत्त)' या पाटीखाली, चार स्क्रूंनी बसवली. माझं नाव आणि पुढं सी.ए.

आता ताईबद्दल सांगायला हवं. ती आमच्या समोरच्या घरातली, तात्यांची मुलगी, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तात्याही फौजी, हवालदार म्हणून परत आलेले. आबा आणि तात्या रोज संध्याकाळी तात्यांच्या कट्ट्यावर चहा घ्यायचे, त्यात कधी खंड पडला नाही. अकरावीत मला नावे-जमा कळेना तेव्हा ताईनंच ते स्वयंपाकघरातले डबे पुढ्यात मांडून समजावलं होतं. सी.ए.चा फॉर्मही तिनंच भरून दिला. ती स्वतः फाउंडेशन होऊन, इंटरचे दोन्ही ग्रुप एका दमात सोडवून कराडला एका सी.ए.कडे उमेदवारी करत होती. रोज सकाळच्या एस.टी.नं जायची, दिवेलागणीला परत. माझा निकाल लागला त्याच्या थोडं आधी तिच्या फायनलचा निकाल आला होता. एक ग्रुप सुटला, एक राहिला. ज्यांना यातलं कळतं त्यांना विचारा, पहिल्या फटक्यात फायनलचा एक ग्रुप सुटणं म्हणजे काय असतं.

पण गावात हे कुणाला कळत नव्हतं. कुणी विचारलं की ती म्हणायची, "अजून व्हायचंय." फाउंडेशन झाली तेव्हा हेच म्हणाली, इंटर झाली तेव्हाही हेच. त्यामुळे तिचा फ्लेक्स कधी लागला नाही. गावाच्या लेखी ती चार वर्षं नुसती शिकत होती.

सत्काराला मारुतीच्या देवळापुढं मंडप घातला होता. माझ्या डोक्यावर फेटा बांधला, तो कपाळावर इतका घट्ट बसला की भुवया हलवता येईनात. दोन-चार भाषणं झाली. मग तात्या उठले. त्यांना बोलायची फारशी सवय नव्हती. माईक तोंडाला लावून ते म्हणाले, "आमच्या घरात चार वर्सं झाली, नुसती पुस्तकं येत्यात. आन ह्या पोरानं बघा, एका दमात करून दावलं. शिकायचं तर आसं शिकावं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांनी बायकांच्या बाजूला बघून हाक मारली, "ये गं, तबक धर."

ताई वर आली. तिच्या हातात तबक दिलं, त्यात शाल, नारळ आणि हळदीकुंकू. तात्यांनी तबकातली शाल उचलून माझ्या खांद्यावर घातली, नारळ दिला, फोटोवाला म्हणाला जरा थांबा, आणि आम्ही तिघंही थांबलो. ताई माझ्या अगदी शेजारी होती. ओठ फारसे न हलवता तिनं विचारलं, "किती पेपर हुतं रं तुजं?"

"चार," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली. फोटो निघाला. तो फोटो अजून आमच्या आईच्या मोबाइलमध्ये आहे. त्यात तबक अगदी सरळ धरलेलं दिसतं.

माईक माझ्यापासून हातभर अंतरावर होता. 'तात्या, ताई माझ्यापेक्षा लय फुडं हाय,' एवढं एक वाक्य पुरलं असतं. कुणी मला मारणार नव्हतं. फार तर फेटा उतरवून हसले असते आणि चार दिवसांत विसरले असते. मी आभाराचं भाषण केलं, त्यात आईवडिलांचे आणि गावाचे आभार मानले. जिनं मला शिकवलं तिचं नावसुद्धा घेतलं नाही, कारण तिचं नाव घेतलं असतं तर तिच्याबद्दल काहीतरी बोलावं लागलं असतं.

पुढचं फार भराभर झालं. राहिलेल्या ग्रुपचा फॉर्म तात्यांनी तिला भरू दिला नाही. "लय झालं शिक्षान. ज्याला येतंय त्याला एका दमात येतंय," असं ते आबांपुढं म्हणाल्याचं मी ऐकलं. मी तेव्हा पायरीवर बसून बूट घालत होतो. मी बूट घातले आणि बाहेर गेलो. दिवाळीनंतर लोणंदचं स्थळ आलं, मुलगा तिथल्या कारखान्यात नोकरीला, माणसं चांगली, आणि तुळशीचं लग्न झाल्यावर ताईचं लग्न लागलं. पंगतीत मी जिलेबी वाढली.

लग्नानंतर दोन दिवसांनी तात्यांनी मला बोलावलं. ताईच्या पुस्तकांची खोकी माळ्यावर टाकायची होती. ते म्हणाले, "तू सी.ए. हायस, बघ ह्यातलं तुज्या कामाचं काय हाय का." मी खोकं उघडलं आणि इंटरची दोन पुस्तकं काढून घेतली. नंतर शिडीवर चढून बाकीची खोकी मीच माळ्यावर ढकलली.

ती दोन पुस्तकं घेऊन मी सांगलीला परत आलो, पावसाळ्यातच तिथं नाव घातलं होतं. तिथल्या कॉलेजात बी.कॉम., विश्रामबागेत तिघांत एक खोली, दुपारी मेस आणि संध्याकाळी पुडीतलं भडंग. कॉलेजबरोबर इंटरचा अभ्यास. पुस्तकांत ताईनं शिसपेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. काही ठिकाणी 'हे परत बघ' असं लिहिलं होतं. मी ती पानं उलटताना समासावर हात ठेवायचो.

गावाहून फोन यायचे. कुणाला आयकर खात्याचं पत्र आलेलं, कुणाला मंडळाच्या वर्गणीच्या हिशोबावर सी.ए.ची सही हवी. मी सांगायचो, "अजून शिक्का आला न्हाई." दोन वर्षं माझा शिक्का आला नाही आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. इंटरच्या पहिल्या खेपेला मी दोन्ही ग्रुपात नापास झालो. निकाल बघून मी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो. नापास झाल्याचं दुःख होतंच, पण ते सांगायला जगात माणूस नव्हतं. सी.ए. झालेला माणूस सी.ए.त नापास कसा होणार? त्याच दिवाळीत गावच्या शाळेनं मला यशस्वी विद्यार्थी म्हणून मार्गदर्शनाला बोलावलं. मी गेलो. वीस मिनिटं बोललो. जिद्द ठेवा, म्हणालो. आजही ते आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात.

शेवटच्या वर्षाला आम्हांला वित्त शिकवणारे एक सर होते. बारीक अंगाचे, चिडके, पण पोरांच्या मागे लागून काम करून घेणारे. त्यांचा एक नियम होता. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येकानं सुट्टीत दोन वेगळ्या ठिकाणी पंधरा-पंधरा दिवस काम करायचं आणि परत येऊन लिहून द्यायचं की यातलं मी काय निवडणार आणि का. ते म्हणायचे, "सी.ए., बँक, शेअर बाजार, विमा, ही सगळी नावं तुम्ही ऐकलीत. काम कुणी बघितलंय?" मला त्यांनी आधी एका सी.ए.च्या ऑफिसात पाठवलं, मग मार्केट यार्डाजवळच्या एका बँकेच्या कर्ज विभागात.

सी.ए.च्या ऑफिसात माणसं चांगली होती आणि काम प्रामाणिक होतं. मी मात्र कागदांवर बरोबरच्या खुणा करत घड्याळ बघत होतो. पंधरा दिवसांत एकदाही मला वाटलं नाही की हे अजून बघावं. बँकेत एक मॅडम होत्या, अधिकारी. एखाद्या धंद्याला कर्ज द्यावं की नाही याचा अहवाल त्या लिहायच्या. पहिल्याच दिवशी मला स्कूटरवर मागे बसवून त्या हळदीच्या गोदामात घेऊन गेल्या. आत नाकात हळद, दातांत हळद. पोत्यांची थप्पी दाखवून म्हणाल्या, "काय दिसतं?"

"हळद," मी म्हणालो.

त्यांनी मागच्या एका पोत्यातनं हळकुंड काढून माझ्या हातावर ठेवलं. बारीक भोकं पडलेली होती. "ही मागच्या हंगामाची. कागदावर सगळी यंदाची लिहिलीय. पुढची थप्पी हलवून कुणी बघत नाही, म्हणून मागं जुना माल." मग हमालांशी बोलल्या, काट्यापाशी उभ्या राहिल्या, मालकाच्या घरचा चहा घेतला, आणि परत येऊन मला अहवालाचा पहिला मसुदा लिहायला बसवलं. ते पंधरा दिवस मी घड्याळ बघितलं नाही. शर्ट पिवळा व्हायचा, मेसची मावशी ओरडायची, आणि मी खोलीवर येऊन त्या धंद्याबद्दल विचार करत बसायचो. आपल्याला हे काम जमेल आणि आवडेल, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

शेवटच्या दिवशी मॅडमना विचारलं, तो हळदवाला लबाड होता का. त्या म्हणाल्या, "लबाड कसला. मागे एकदा जरा मोठा आकडा सांगून बसला. आता दर वर्षी तेवढा दाखवावा लागतो. मला त्याची दया येते, पण कर्ज देता येत नाही." मी मान खाली घालून ऐकत होतो. त्यांना काहीच माहीत नव्हतं, तरी मला वाटलं की सगळं माहीत आहे.

मग लिहायची वेळ आली. पुण्याची एक कंपनी आमच्या कॉलेजातून अशाच कर्ज-तपासणीच्या कामासाठी मुलं घेणार होती, एक वर्षाचं प्रशिक्षण आणि मग नोकरी. सरांनी माझं नाव दिलं होतं. तोवर इंटरच्या दुसऱ्या खेपेला माझा एक ग्रुप सुटला होता, म्हणजे सी.ए.चा रस्ताही काही बंद झाला नव्हता. मी कागदाला मधोमध घडी घातली. उजवीकडं कर्ज-तपासणी, तिथं पान भरलं. डावीकडं सी.ए. लिहिलं आणि अडलो. खरं कारण एकच होतं. आणखी चार-पाच वर्षं घालवून गुपचूप सी.ए. होऊन टाकायचं, म्हणजे फाटकावरची पाटी खरी ठरेल आणि मी कधी खोटं बोललोच नव्हतो असं होईल. हे काही सरांना लिहून देता येईना. मी लिहिलं, 'घरच्यांची इच्छा.'

सरांनी कागद वाचला आणि मला परत दिला. "घरच्यांना विचारलंस?"

"न्हाई."

"मग त्यांच्या डोक्यावर कशाला फोडतोस? तुझं स्वतःचं एक कारण लिहून आण. नसेल तर तो रस्ता सोड. उगीच दुसऱ्याची जागा अडवू नकोस."

दुसऱ्याची जागा अडवू नकोस, हे ते सहज बोलून गेले. मी मात्र तिथून उठून थेट स्टँडवर गेलो आणि कराडची गाडी पकडली.

आबा फाटकापाशीच होते, कडेनं वाढलेलं गवत काढत होते. मी पिशवी खाली ठेवली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. फाउंडेशन म्हणजे काय, इंटर म्हणजे काय, अंगठा पाठवला तेही. आबा विळा हातात धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, "फौजेत न मिळाल्याली फीत खांद्यावर लावली तर काय हुतंय, म्हाईत हाय का तुला?" ते आत गेले, पेचकस घेऊन आले आणि पाटी काढायला लागले. एक स्क्रू गंजला होता, तो निघेना. मी पुढं झालो तर त्यांनी मला हातानं मागं सारलं. बराच वेळ लागला. पाटी निघाल्यावर ती त्यांनी माझ्या हातात दिली.

"तात्याच्या पोरीचं किती झालं हुतं तवा?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

आबा समोरच्या घराकडं बघत राहिले. "तिला ठावं हुतं?"

"व्हय."

"तात्याला तूच सांगायचं. मी न्हाई सांगनार. ते माजं काम न्हाई."

"सांगतो," मी म्हणालो. रस्ता ओलांडला की तात्यांचं घर. मी दोन दिवस घरी राहिलो, तात्यांनी दोनदा हाक मारली, दोन्ही वेळा मी हात केला आणि आत गेलो. तिसऱ्या दिवशी सांगलीची गाडी धरली. पुण्याचा फॉर्म भरला, त्यात पात्रतेच्या रकान्यात खरं ते लिहिलं, निवड झाली, परीक्षा झाली, पुण्याला गेलो. नोकरी मला मानवली. तात्यांना सांगायचं तेवढं राहिलं. राहिलं म्हणजे मी ठेवलं.

आईचा फोन यायचा. एकदा म्हणाली, "आबा कट्ट्यावर जात न्हाईत आताशा. गुडगा दुखतूय म्हनत्यात." मला माहीत होतं की गुडघा दुखत नाही. तात्यांच्या शेजारी बसून चहा पिताना तोंडावर ती गोष्ट येणार, आणि ती सांगायचा हक्क त्यांनी मला दिलेला. म्हणून ते जातच नव्हते. आणखी एकदा आई म्हणाली, "पाटी कुटं गेली म्हून तात्या इचारत हुतं. आबा म्हनलं, पॉलिश कराया दिलीया." आबा एवढ्याशा गोष्टीसाठी कधी खोटं बोलले नव्हते. त्या दिवशी माझ्याकडून ऑफिसात काही काम झालं नाही. तरीही मी गावाला फोन केला नाही.

मागच्या वर्षी ताई सी.ए. झाली. दीड वर्षाचं पोर सासूकडं ठेवून तिनं राहिलेला ग्रुप सोडवला. नवऱ्यानंच म्हटलं होतं म्हणे, एवढं झालंय तर पुरं कर. माळ्यावरची खोकी ती मध्यंतरी स्वतः येऊन घेऊन गेली होती. त्यात दोन पुस्तकं कमी होती, पण तिनं कुणाला विचारलं नाही. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी बातमी टाकली. पाच-सहा जणांनी हात जोडले. एकानं लिहिलं, 'गावची दुसरी सी.ए., अभिनंदन.'

मी मंडळाच्या पोराला फोन केला, ज्यानं मला डिझाइन पाठवलं होतं त्याच पोराला. म्हटलं ताईचा फ्लेक्स लावा, खर्च माझा. तो म्हणाला, "आरं गड्या, तिचा आता लोनंदवाली लावतील की. आन गावचा पयला तर तूच हायस. दुसऱ्याचा कोन लावतंय?"

तेव्हा मला ताईला फोन करणं भाग पडलं. लग्नानंतर मी तिच्याशी बोललोच नव्हतो. अभिनंदन म्हणालो, मग चुकलो म्हणालो. तिकडं कुकरची शिट्टी झाली.

"मला फ्लेक्स नको," ती म्हणाली.

"तवाच तू का बोलली न्हाईस?"

"काय बोलू? पोरगं फुडं गेलं म्हून जळती, आसं म्हनलं असतं समदी. तात्यासुदिक. ते तुज्या तोंडानंच यायला पायजे हुतं. मी लय दिवस वाट बघितली." तिचा आवाज चढला नव्हता. "तुला कायतर करायचं आसंल तर येक कर. तात्यांला जाऊन सांग, तुजं पेपर किती हुतं."

रविवारी सकाळी मी तात्यांच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. तात्या थकले होते, चष्मा जाड झाला होता. मला बघून खूश झाले, सुनेला चहा टाकायला सांगितला. समोर आमच्या फाटकाच्या खांबावर चार भोकं दिसत होती. चहा येण्याआधी मी सांगून टाकलं. त्या वेळी मी फक्त चार पेपर पास झालो होतो, सी.ए. मी कधीच झालो नाही आणि होणारही नाही.

तात्यांना आधी कळलं नाही. मी परत सांगितलं. ते म्हणाले, "चार. आन तिचं किती झालं हुतं तवा?"

पहिले चार, मग आठ, मग चार. "सोळा," मी म्हणालो. "समदं मिळून ईस. चारच ऱ्हायलं हुतं."

सुनेनं चहा आणून ठेवला. तात्यांनी कपाला हात लावला नाही. ते समोरच्या भोकांकडं बघत होते का आणखी कुठं, ते चष्म्यातून कळत नव्हतं. ते म्हणाले, "तबक मीच दिलं हुतं तिच्या हातात."

मी चुकलो म्हणायला तोंड उघडलं तर त्यांनी नुसता हात वर केला. मग खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढं धरला. अक्षरं दिसत नाहीत म्हणाले, लावून दे. मी ताईचा नंबर लावला आणि मोबाइल त्यांच्या कानाशी दिला. तिकडून तिचा 'बोला तात्या' असा आवाज आला. तात्या बोलेनात. ती परत म्हणाली, "तात्या? आयकू येतंय का?"

"सोळा झालं हुतं व्हय गं तुजं तवा?" तात्या म्हणाले.

ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मी उठलो आणि चपला हातात घेऊनच रस्त्यावर आलो. आमच्या फाटकात आबा उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि रस्ता ओलांडून तात्यांच्या कट्ट्याकडं गेले.